नमुना क्रमांक एकतीस

फेब्रुवारी सरत आला की
कुनिएच्या प्रयोगशाळेत लाल नाकांची माणसं येतात.
टपाल कचेरीतला ओगुशी,
पियानो शिकवणाऱ्या हात्सुनोबाई,
आणि एक ट्रकवाला, एरवी नाकावर माशी बसू न देणारा,
तोसुद्धा नाक मुठीत धरून बाकावर.

कुनिए प्रत्येकाला चार खोकी देते.
वर नाव नाही, फुलाचं चित्र नाही, नुसता आकडा.
नेहमीसारखं शिंकरा, म्हणते,
दिवसातून वीसदा, तीसदा, येईल तितकं,
आणि मग सांगा.

फॉर्मवर चौकोन पाच:
चुरचुरतं. हुळहुळतं. सोलवटतं. काही नाही. इतर.
ओगुशीने इतरमध्ये लिहिलं होतं,
अठ्ठावीस नंबर बरा.
माझी थोरली बहीण स्वेटरच्या बाहीने पुसायची,
त्याहून बरा.

शिकोकूच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे गाव
कागदावर जगतं, म्हणजे खरोखरच.
धुराड्यांखालून चालत गेलं
तर शिजलेल्या लाकडाचा वास केसांत राहतो.
मागे डोंगर. डोंगरावर कवायतीला उभी केल्यासारखी
सुगी नावाची झाडं.

माझ्या भाषेत सुगी म्हणजे धान्य घरात यायचे दिवस.
इथली सुगी डोळ्यांत येते.
वणवा लागावा तसा पिवळा धूर उठतो
आणि खाली अख्खं गाव शिंकतं.

नव्याने लागलेल्या रेंजीला ती मशीन दाखवते.
तापलेल्या अजस्र पिंपाला कागद चिकटून येतो,
पातं त्याला खरवडून काढतं,
खरवडताना बारीक चुण्या पडतात.
त्या चुण्या म्हणजेच मऊपणा, बाकी काही नाही.
पातं नसेल तर, तो विचारतो.
तर पुठ्ठा, ती म्हणते, आणि जेवायला जाते.

ग्लिसरीनचं दुखणं वेगळं.
ते हवेतलं पाणी ओढून घेतं,
म्हणून सोलवटल्या कातडीला गार वाटतं.
पण आधीच पाणी प्यालेला कागद
नाकाचं पाणी काय टिपणार?
जास्त घातलं तर बोटं आरपार,
कमी घातलं तर हात्सुनोबाई तिसऱ्या चौकोनात
फुली मारतात, इतकी जोरात की फॉर्म फाटतो.
तीस नमुने झाले या रस्सीखेचीत.
घरी भांडी घासताना कुनिए हातमोजे घालते,
हाताला क्रीम कधीच लावत नाही.
बोटं खोटं बोलायला लागतात, म्हणते.

रविवारी एकतीस नंबरचं खोकं पिशवीत घालून
ती वडिलांकडे गेली.
तोकुइची, वय सत्त्याऐंशी,
वृद्धाश्रमातली डोंगराकडची खिडकी.
लढाईनंतर त्या बोडक्या उतारांवर रोपं लावली
त्यात बारा वर्षांचे तेही होते, पाठीवर टोपली,
टोपलीत ओल्या मातीसकट सुगी.
त्यांना आयुष्यात कधी परागांची शिंक आली नाही.

आता नाकाखाली प्राणवायूची नळी,
नळीच्या दोन्ही अंगांना लाल रेघा.
कुनिएने हलकेच टिपलं.
त्यांनी कागद तिच्या हातातून घेतला,
दोन बोटांत चोळला, उजेडाकडे धरला.

ओला आहे, म्हणाले.
कुणीतरी वापरलेला दिसतो.

ती हसली, आणि हसता हसताच वही शोधू लागली.
ते खिडकीबाहेर बघत होते.
छान वाढली, म्हणाले. उंच झाली.

तेवढ्यात तिला शिंक आली.
मग दुसरी, मग सलग पाच.
त्यांनी तोच कागद पुढे केला,
हात कापत होता, कागद हातापेक्षा जास्त.
तिने नाक शिंकरलं
आणि कुठे झोंबलं ते बघायचं राहून गेलं.

सोमवारी वहीत तिचं अक्षर:
नमुना बत्तीस. ग्लिसरीन किंचित कमी.
कारण: ओला लागतो, असं एकाचं मत.